स्क्रीनवरचा डाग

आमच्या प्रयोगशाळेत गॉगल कपाळावर असलेला माणूस अनुभवी समजला जायचा आणि डोळ्यांवर असलेला नवखा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. भिंतीवर जो लिहिलेला होता तो बरोबर याच्या उलटा होता, आणि त्याखाली आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या. माझं पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं. माझा गॉगल कपाळावर इतका असायचा की तिथे कायमचा एक वळ उमटला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या वळाचा अभिमान वाटायचा.

आम्ही एक मायक्रोस्कोप बांधत होतो. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनने बघणारा मायक्रोस्कोप विकत मिळतो, पण तो स्थिर फोटो काढतो. आम्हाला धातूमधले अणू हलताना बघायचे होते. त्यासाठी लेसरचा एक झटका घ्यायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. एक भाग इलेक्ट्रॉन उडवतो, दुसरा नमुन्याला धक्का देतो. धक्का बसल्यावर इलेक्ट्रॉन किती वेळाने पोचले त्यावर फोटो कुठल्या क्षणाचा ते ठरतं. हा वेळ कुठल्याही घड्याळाच्या आवाक्यातला नाही. म्हणून एका भागाला केसाच्या जाडीएवढी वाट जास्त चालायला लावायची. तेवढ्याने सेकंदाच्या लाख-कोटीव्या हिश्श्यापेक्षाही कमी फरक पडतो, आणि आम्हाला तेवढाच हवा असतो. सहा वर्षं मी आरसे केसाकेसाने सरकवत होते. घरचे विचारायचे, झालं का गं मशीन? मी म्हणायची, होत आलंय.

हा लेसर डोळ्यांना दिसत नाही. त्याचा एक चुकार झटका बुबुळातून आत गेला तर डोळ्याच्या पडद्याला भोक पडतं. दुखत नाही, कारण त्या पडद्याला दुखणं कळतच नाही. हे आम्हाला पहिल्याच दिवशी एक व्हिडिओ दाखवून शिकवतात. दर वर्षी तो परत बघावा लागतो. मी तो सहा वेळा बघितला, त्यातल्या शेवटच्या तीन वेळा चहा पीत.

मग गॉगल कपाळावर का? त्याला कारण होतं, आणि कारण असलं की माणूस काहीही करतो. मशीनच्या खालच्या टोकाला एक छोटी स्क्रीन आहे. तिच्यावर इलेक्ट्रॉन पडले की ती हिरवी उजळते. जाड काचेतून, एका डोळ्याला भिंग लावून ती बघायची. पण लेसरचा काही भाग आम्ही हिरवा करून वापरायचो, म्हणून आमचे गॉगल हिरवा प्रकाशही अडवायचे. म्हणजे गॉगल घातला की नेमकी जी गोष्ट बघायची तीच गायब. तेव्हा स्टुलावर बसायचं, गॉगल वर ढकलायचा आणि भिंगाकडे वाकायचं. सगळे तसंच करायचे. सर वयाने मोठे, पण तेही तसंच करायचे.

चिठ्ठी आमच्याकडे आली तेव्हा ती गॉगल डोळ्यांवर ठेवून काम करायची. चिठ्ठी हे नाव मीच ठेवलं. तिला प्रत्येक गोष्टीवर पिवळी चिठ्ठी चिकटवायची सवय होती. आरशावर चिठ्ठी, पंपावर चिठ्ठी, माझ्या कपावरसुद्धा एकदा चिठ्ठी होती, 'हा कप धुतलेला नाही.' दुसऱ्या वर्षाची पोर, पण हात इतका स्थिर की मला हेवा वाटायचा.

पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "काय गं, पोहायला आलीस का?"

"म्हणजे, ताई?"

"गॉगल बघून वाटलं. अगं, डोळे झाकून कुणी आरसे लावतं का?"

सगळे हसले. ती पण हसली. दोन आठवड्यांत तिचाही गॉगल कपाळावर गेला. मला वाटलं, चला, एक माणूस तयार केला आपण.

टेबलावरच्या एका काचेवरून थोडासा प्रकाश वर, भलतीकडेच उसळत होता. एवढं मोठं टेबल, त्यात साठ-सत्तर काचा आणि आरसे, तेव्हा असे चुकार किरण निघायचेच. हा चिठ्ठीने शोधला. तिने काळ्या पत्र्याचा एक तुकडा वाकवला, तिथे आडवा धरून स्क्रूने बसवला आणि वर चिठ्ठी लावली: 'काढू नये. काढायचाच असेल तर आधी मला सांगावे.'

एका सोमवारी सकाळी मला नेमक्या त्याच जागी एक नवीन भिंग बसवायचं होतं. मी ती चिठ्ठी वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला सांगावे! सहाव्या वर्षाच्या बाईने दुसऱ्या वर्षाच्या पोरीला सांगावे! मी पत्रा काढला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि भिंग बसवलं. नवीन आडोसा उद्या करू म्हटलं. तो किरण आता मोकळा होऊन कुठे जातो, हे मी बघितलं नाही. मी तिला सांगितलं नाही ते नाहीच. त्या जागी आता नवीन भिंगाची चौकट उभी होती, त्यामुळे पत्रा गेल्याचं तिच्याही लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात एकदा स्टुलावर बसता बसता माझ्या डोळ्यांपुढे काहीतरी पांढरं चमकलं. झोप कमी झाली असणार म्हणून मी डोळे चोळले आणि पुढच्या कामाला लागले.

दोन दिवसांनी स्क्रीनवर डाग दिसला. अगदी मधोमध, राखाडी, कडा विस्कटलेल्या. सिग्नल जिथे यायला हवा तिथेच. आम्हाला महिनाअखेरीला बाहेरच्या समितीला अणू हलताना दाखवायचे होते. नाही दाखवले तर मशीन दुसऱ्या गटाकडे जाणार होतं आणि माझी सहा वर्षं पाण्यात. मी चिठ्ठीला हाक मारली.

"स्क्रीन कुणी बसवली?"

"मी, ताई. मागच्या महिन्यात."

"चिमटा लागला तुझा. मधोमध डाग आहे, बघ."

ती स्टुलावर बसली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. "मला नाही दिसत."

"दिसणार कसा? तुझ्याच हातून झालाय."

हे मी सगळ्यांसमोर बोलले. तिने कॅमेऱ्याचे फोटो काढून दाखवले. त्यात डाग नव्हता. पण याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. स्क्रीनवरचे कायमचे डाग फोटोतून वजा करायची सोय कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्येच असते. मी म्हटलं, "कॅमेरा साफसूफ करून दाखवतो. डोळ्याला काय दिसतं ते खरं." आमच्या धंद्यात मशीनवर विश्वास ठेवायचा नाही असं शिकवतात. बिघाड शोधायचा तो तारेत, आरशात, पंपात, प्रोग्रॅममध्ये. स्वतःत शोधायला कुणी शिकवत नाही.

तीन आठवडे मी त्या डागाच्या मागे होते. मशीन उघडलं, आतली हवा परत काढायला दोन-दोन दिवस घातले. काच पुसली, भिंग बदललं. डाग तसाच. एक गोष्ट मला आता लख्ख कळते, तेव्हा कळली नाही. मी जिथे बघायची तिथेच तो असायचा. मला वाटायचं, मी डागाकडे बघते आहे.

बाकी वेळी मला काही जाणवायचं नाही. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि उरलेली मेंदू आपल्या मनाने भरतो. वाचताना एखादं अक्षर विरघळल्यासारखं व्हायचं. मी त्याचं खापर झोपेवर फोडायची.

सरांकडे मी चिठ्ठीची तक्रार केली. सर आपल्या खोलीत कागद चाळत होते.

"मुलगी चांगली आहे," ते म्हणाले.

"चांगली आहे, पण चूक कबूल करत नाही. अशी माणसं या टेबलावर नको."

"बरं. समिती येऊन जाऊ दे. मग तिला दुसरीकडे देऊ."

हे तिच्या कानावर गेलं. ती माझ्याशी बोलायची थांबली नाही, उलट जास्तच नम्र झाली, आणि त्याने मी आणखी चिडले. शनिवारी तिने स्वतःहून नवीन स्क्रीन बसवली. हातमोजे घालून, श्वास रोखून, मी तिच्या मागे उभी असताना. तिचा हात एकदाही थरथरला नाही. संध्याकाळी इलेक्ट्रॉन सोडले. मी वाकून बघितलं. नव्या कोऱ्या स्क्रीनवर मधोमध डाग.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "उद्या रविवार आहे. सकाळी ये, सगळं चालू कर आणि या स्टुलावर बस. डाग दिसेपर्यंत उठायचं नाही. दिसला की मला सांगायचं, की ताई, चुकलं."

"दिसला नाही तर?"

"तर दिसेपर्यंत बसायचं."

ती हो म्हणाली. मी घरी गेले आणि छान झोपले.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. दुकान केव्हाच बंद झालं, पण खिडकीशी त्यांचं टेबल अजून आहे आणि शेजारपाजारचे लोक घड्याळं आणून देतात. रविवारी अकराच्या सुमारास ते आईचं जुनं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. हल्ली त्यांचा हात कापतो. त्यांनी मला बोलावलं.

"जरा बघ गं. आतली ती गोल स्प्रिंग आहे ना, केसासारखी, तिचे वेढे एकमेकांना चिकटलेत का सांग."

मी त्यांचं भिंग उजव्या डोळ्याला लावलं. लहानपणापासून मी ते तसंच लावते, गालाच्या आणि भुवईच्या मध्ये दाबून, हात न लावता. वाकून बघितलं.

"बाबा, चिकटायला स्प्रिंग आहे कुठे? मधला भाग नाहीच. तुटून पडलाय."

"काहीतरीच काय?"

"अहो, खरंच. बाहेरचे दोन वेढे आहेत. आत काही नाही, नुसतं धुरकट."

बाबा हसले. "कान कुठे गेले तुझे? घड्याळ चालू आहे."

मी ऐकलं. खरंच चालू होतं. टिकटिक, अगदी नियमित. मधली स्प्रिंग नसलेलं घड्याळ टिकटिक करत नाही, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे.

बाबांचं हसणं हळूहळू मावळलं. पन्नास वर्षं एका डोळ्याने काम केलेला माणूस तो. त्यांनी माझ्या डोळ्यावरचं भिंग काढलं, आपल्या सदऱ्याला पुसलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"दुसऱ्या डोळ्याला लाव."

मी डाव्या डोळ्याला लावलं. सगळी स्प्रिंग जागेवर होती. एकात एक वेढे, मोकळे, श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर होत असलेले.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

मला आधी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला आधी आनंद झाला. स्क्रीन स्वच्छ आहे. मशीन चांगलं आहे. सिग्नल इतके दिवस असेलही तिथे, मलाच दिसत नसेल. एक-दोन सेकंद मी मनातल्या मनात समितीसमोर उभी होते.

मग हिशोब लागत गेला. चमक. त्याआधी सोमवार. पत्रा. मोकळा झालेला किरण तिरका वर जात होता, आणि मी टेबल डोळ्यांसमोर आणलं, तिथला प्रत्येक आरसा मला पाठ आहे, आणि त्या किरणाची रेघ मनात ओढत गेले. ती नुसती भिंतीवर जाऊन थांबत नव्हती. ती स्टुलावरून पुढे जात होती, भिंगाकडे वाकणाऱ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. मी तिथे दिवसातून दहा मिनिटं बसायची.

चिठ्ठी सकाळी नऊपासून तिथे बसली होती. मीच बसवलं होतं.

 मी फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच, कारण फोन दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचे हा नियम माझा. फोनमुळे मोजमापात गडबड होते म्हणून मीच दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागून तो पाळायला लावला होता. मग इमारतीच्या पहारेकऱ्याला लावला. त्याला म्हटलं, पळत जा आणि तिला बाहेर काढ.

तो परत फोनवर आला तेव्हा पाच मिनिटं गेली होती. "मॅडम, बाहेर लाल दिवा लागलाय."

"लागू दे. दार उघडा."

"लाल दिवा असताना कुणीही, कोणत्याही कारणाने दार उघडू नये. नोटीस आहे. तुमचीच सही आहे."

"मी सांगतेय ना आता!"

"मॅडम, मागच्या वेळी उघडलं तेव्हा तुम्ही माझी नोकरी घालवायला निघाला होतात." तो चिडून बोलत नव्हता, उलट समजावत होता. "मी दार वाजवलं. खूप वाजवलं. आत पंप चालू आहेत, ऐकू जात नाही."

मी त्याला हात जोडून सांगितलं. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. सरांचा फोन रविवारी बंद असतो.

बाबा म्हणाले, मी येतो. ते चपला घालेपर्यंतही मी थांबले नाही. टॅक्सीत बसले. प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की मी उजवा डोळा मिटायची, मग डावा. डावा मिटला की पुढच्या चालकाच्या डोक्याच्या जागी धूर. इतकं सोपं होतं. तीन आठवड्यांत एकदा, फक्त एकदा मी एक डोळा मिटून रस्त्याकडे बघितलं असतं तर! मी रडत नव्हते. मी मोजत होते. नऊ ते अकरा, दोन तास. सेकंदाला हजार झटके. पण किरण सुतासारखा बारीक. डोकं नेमकं त्या जागी यायला हवं. येईलच असं नाही. ती एका जागी स्थिर बसते, हलत नाही. हे आठवल्यावर मी मोजायचं सोडून दिलं, कारण स्थिर बसणं चांगलं की वाईट ते मला ठरवता येईना.

पहारेकरी दारापाशी उभा होता, हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहरा पडलेला. मी त्याला ढकलून दार उघडलं. दार उघडलं की लेसर आपोआप बंद व्हायला हवा. तो झाला नाही, कारण दार बंदच आहे असं मशीनला वाटावं म्हणून दाराच्या खटक्यावर लोहचुंबक चिकटवलेला होता. कुणी चिकटवला ते विचारू नका. मी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. लेसर बंद झाला. पंपांची घरघर तेवढी राहिली.

चिठ्ठी स्टुलावर होती, गॉगल कपाळावर. आवाजाने तिने मागे वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतकं हसू होतं की क्षणभर माझा जीव भांड्यात पडला.

"ताई! बरं झालं आलात, मी तुम्हाला फोनच करणार होते." ती उठून उभी राहिली. "मला माफ करा. तुमचंच बरोबर होतं. मी उगीच वाद घालत होते."

"काय बरोबर होतं?"

"डाग. आहे स्क्रीनवर. सकाळी दिसत नव्हता, कितीही बघितलं तरी. आता अर्ध्या तासापासून अगदी स्पष्ट दिसतोय. मधोमध, राखाडी. तुम्ही म्हणाला होतात अगदी तस्साच." तिने माझ्याकडे अपेक्षेने बघितलं. "चुकलं, ताई. आता मला दुसरीकडे पाठवू नका ना."

 पहारेकरी दारातून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी पुढे झाले, तिच्या समोर उभी राहिले आणि तिचे खांदे धरले.

"डावा डोळा मिट," मी म्हटलं.

"का?"

"मिट. आणि माझ्या तोंडाकडे बघ."

तिने डावा डोळा तळहाताने झाकला आणि माझ्याकडे बघितलं. तिला हसू आलं.

"अय्या, ताई, तुमचं नाक गेलं कुठे?"

 तिने हात काढला, परत झाकला. परत काढला. मग तिने मान वळवून भिंतीकडे बघितलं, छताकडे बघितलं, स्वतःच्या हाताच्या बोटांकडे बघितलं, एकेका बोटाकडे, आणि तिचं हसणं थांबलं.